अंगणातला राजगड

दसऱ्याचे सोने लुटून झाले आणि सुट्टीचे दिवस निम्मे सरले, की आमच्या बेळगावात मुलांच्या हातांना मातीचा वास येऊ लागतो. फराळाच्या कढया अजून चढलेल्या नसतात, आकाशकंदिलाच्या काड्या अजून तासायच्या असतात. पण गल्लीगल्लीतून दगडविटांची ने-आण सुरू झालेली असते. कुणाच्या सायकलला मागे पोते बांधलेले असते, कुणी डोक्यावर घमेले घेऊन निघालेला असतो, आणि एखाद्या बोळातून "पाणी आण रे, पाणी!" अशी हाक ऐकू येते. परगावच्या पाहुण्याला वाटावे, की येथे कुणाचे तरी घर बांधून होत आहे. त्याचा तर्क अगदीच चुकीचा नसतो. येथे दिवाळीचा किल्ला बांधून होत असतो.

या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांचे बालपण सह्याद्रीपासून दूर गेले असेल. गडाच्या पायथ्याशी जन्मलेल्यांना गड रोज दिसतो. आपल्याला तो पुस्तकात भेटतो, आणि दिवाळीत अंगणात करावा लागतो. मी स्वतः वयाच्या पन्नाशीपर्यंत राजगड चढलो नव्हतो. बखरी वाचल्या होत्या, मराठी घेऊन एम. ए. केले होते, सरकारी मराठी शाळेत तीस वर्षे इतिहासाचे आणि भाषेचे तास घेतले होते. पण गडाची वाट पायांखाली घातली नव्हती. ती मला कशी घालावी लागली आणि कुणामुळे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

बेळगावचे एक नवल सांगण्याजोगे आहे. गावाला स्वतःचा किल्ला आहे आणि तो चांगला भक्कम आहे. भोवती खंदक आहे, आत १२०४ साली उभारलेली कमल बस्ती हे देखणे जैन मंदिर आहे. परंतु दिवाळीत हा किल्ला केलेला मी क्वचितच पाहिला. मुलांना विचारले तर ती म्हणतात, "सर, तो सपाट आहे." भुईकोट किल्ल्यात चढ नाही, कडा नाही, चोरवाट नाही, मातीला करण्यासारखे तेथे काही नाही. मुलांना हवा असतो डोंगर. ज्या डोंगरापर्यंत त्यांचे पाय पोचलेले नाहीत, तोच त्यांना हातांनी करावासा वाटतो.

माती मात्र बेळगावने दोन्ही प्रकारची दिली आहे. पश्चिमेच्या अंगाने गेले की जांभ्याची तांबडी माती लागते, आणि पूर्वेकडे काळे रान सुरू होते. शहापूर-वडगावकडची काळी माती चिकट खरी. पण वाळली की तिला भेगा पडतात आणि दोन दिवसांत बुरुजाची छकले होतात. तांबडी माती दिसायला डोंगराची, पण ती एकटी घातली तर पहिल्याच पावसाच्या सरीत वाहून जाते. म्हणून जाणती मुले दोन्ही चाळून एकत्र करतात, त्यात भाताचा बारीक चिरलेला पेंढा आणि थोडे शेण कालवतात. पेंढा भेगा आवरतो आणि शेण मातीला धरून ठेवते. हे त्यांना शाळेत कुणी शिकवलेले नसते. मोठा भाऊ धाकट्याला सांगतो, आणि पुढे धाकटा शेजारच्या पोराला.

रचनाही ठरलेली असते. आधी दगड आणि विटांचे तुकडे रचून डोंगराचा सांगाडा उभा करायचा. मग चिखलाचा पातळ राड करून त्यात जुने गोणपाट बुडवायचे आणि ते ओलेच सांगाड्यावर टाकायचे. गोणपाटाला ज्या चुण्या पडतात, त्याच डोंगराच्या सोंडा आणि घळी होतात; हाताने कोरून कधी इतक्या खऱ्या होत नाहीत. वर मातीचा लेप द्यायचा, तट आणि बुरूज उभारायचे, काड्यापेट्यांच्या सदरा आणि कोठारे करायची, आरशाच्या तुकड्याचे तळे मांडायचे, वाटेवर चाळलेली राख पसरायची. हिरवळीचे गणित वेगळेच असते. गहू लवकर पेरावा लागतो, मोहरी तीनचार दिवसांत वर येते. उभ्या कड्यावर पेरायचे असेल तर अळीव घ्यावा. पाण्यात तो बुळबुळीत होतो आणि जेथे लावाल तेथे चिकटून बसतो. एवढे झाल्यावर एखादी मांजर रात्री बालेकिल्ल्यावर झोपून जाते आणि सकाळी पुन्हा सगळे करावे लागते, तो भाग निराळा.

पाडव्याच्या संध्याकाळी घरोघरची माणसे किल्ले पाहायला बाहेर पडतात. चव्हाट गल्ली, तानाजी गल्ली, भांदूर गल्ली, पलीकडे शहापूर आणि अनगोळ, अशी पायी फेरी होते. पणत्यांच्या उजेडात लहान मुले ऐटीत माहिती सांगत असतात. मागे अंगणात आई कधी मराठीत तर कधी कानडीत हाक मारत असते, आणि मुलगा "थांब, पाव्हणे आल्यात" म्हणून तिला गप्प करतो. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत अकरा महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. महाराष्ट्राबाहेरच्या एका तरी गडाचे नाव त्यात आले, याचा आम्हा सीमेवरच्या माणसांना थोडा अधिकच आनंद झाला. त्या वर्षीच्या दिवाळीत या यादीतले किल्ले जागोजागी दिसू लागले, आणि एका गल्लीतील मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवून परीक्षक म्हणून मला बोलावले.

शंभर गुणांचे चार भाग होते: रचना, इतिहासाची अचूकता, सजावट आणि माहिती. मी वही घेऊन फिरलो. एका घरी रायगड होता. त्याला विजेच्या पंपावर चालणारा धबधबा, रंगीत दिवे आणि बाजारातून आणलेले प्लॅस्टरचे तयार बुरूज होते. त्याच्यापुढे गर्दी हटत नव्हती. शेवटी मी एका गवंड्याच्या घरी गेलो. तुळशीकट्टा आणि धुण्याचा दगड यांच्यामधल्या हातभर जागेत त्यांच्या मुलाने राजगड केला होता. मुलगा आमच्याच शाळेचा, सातवीतला; फारसा न बोलणारा. दिवे नव्हते, मावळे दहाबाराच होते. तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला मात्र ठसठशीत उठून दिसत होता.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. संजीवनी माचीला त्याने एकाबाहेर एक असे दोन तट घातले होते आणि मध्ये चार बोटांची फट सोडली होती.

"हे काय? आतला तट वाकडा आला म्हणून बाहेरून दुसरा घातलास का?" मी विचारले.

"न्हाई सर. तो तसाच हाय."

"असे चित्र कोणत्या पुस्तकात पाहिलेस?"

त्याने मान खाली घातली. "चित्र न्हाई सर."

चित्र नाही, म्हणजे आधार नाही, असा निकाल मी उभ्या उभ्या दिला. इतिहासाच्या अचूकतेचे पंचवीसपैकी नऊ गुण लिहिले आणि पुढे गेलो. पहिले बक्षीस रायगडाला मिळाले. मुलगा बक्षीस समारंभाला आला होता, टाळ्याही वाजवत होता. हे मला नंतर आठवले. त्या वेळी मी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. बहीण माहेरी आली, बरोबर भाचा होता. तो बंगळूरला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर टेबलावर लढाया खेळतो. हे ऐकून मी प्रथम हसलो होतो. पण हा खेळ पोरकट नाही. इंचाहून किंचित उंच अशा सैनिकांच्या पलटणी, फुटपट्टीने मोजून त्यांची चाल, आणि फाशांवर ठरणारा मारा. त्याची वंशावळही जुनी आहे. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या प्रशियन गृहस्थाने आपल्या राजाला असाच एक युद्धखेळ करून दिला होता. त्यासाठी खास टेबल होते आणि त्यावर डोंगर, नद्या, रस्ते असलेले प्लॅस्टरचे तुकडे हवे तसे जुळवता येत. पुढे त्याच्या मुलाने हा खेळ नकाशावर आणला आणि तो सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणात शिरला. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स याने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईवर नियमांचे एक पुस्तकच लिहिले.

भाच्याचे म्हणणे असे, की सैनिक विकत मिळतात. रणभूमी मात्र हाताने करावी लागते, आणि ती कचऱ्यातून होते. तो नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा पुठ्ठ्यावर उतरवतो, प्रत्येक रेषेचा एक थर कापतो आणि थरावर थर चिकटवून टेकडी करतो. त्यावर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, त्यांवर डिंक आणि वाळू. चहाचा चोथा वाळवून टाकला की झाडाखालचा पालापाचोळा होतो. जुन्या वायरीतली तांब्याची तार पिळली की खोड होते, भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे त्याला पाने म्हणून लागतात. रंगाचीही युक्ती आहे: आधी सगळीकडे गडद रंग द्यायचा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग वरवर फिरवायचा. तो फक्त उंचवट्यांना लागतो आणि खडक उठून दिसतो. थर्मोकोलवर मात्र फवाऱ्याचा रंग मारू नये. त्याची पहिली टेकडी तशी मारल्यामुळे डोळ्यांदेखत विरघळून गेली होती. आधी डिंकाचा किंवा पाण्यातल्या रंगाचा हात द्यावा, हे तो त्या दिवशी शिकला.

संध्याकाळी त्याला किल्ले दाखवायला नेले. रायगडाचा धबधबा त्याने कौतुकाने पाहिला. गवंड्याच्या अंगणात आल्यावर मात्र तो गुडघे टेकून बसला, मान वाकवली आणि एक डोळा मिटून मातीच्या मावळ्याच्या उंचीवरून पाहू लागला.

"मामा, वरून पाहू नका. शिपायाच्या डोळ्यांनी पाहा," तो म्हणाला. "त्याला काय दिसतं आणि त्याला कोण पाहू शकतं, एवढंच आमच्या खेळात महत्त्वाचं."

मीही गुडघे टेकले. या वयात ते सोपे नव्हते. वरून जे दुरुस्तीचे ठिगळ वाटले होते, ते खालून पाहताना काही निराळेच दिसू लागले. बाहेरचा तट ओलांडून शत्रू आत उतरला, तर तो त्या फटीत सापडत होता. समोर दुसरा तट, आणि त्या तटावर मावळे उभे होते. भाच्याने मुलाला विचारले, "हे तुला कुणी सांगितलं?"

मुलगा माझ्याकडे पाहून संकोचला. मग हळूच म्हणाला, "सरांनीच सांगितलं की. वर्गात. राजगडाला चिलखती बुरूज हाईत म्हणून."

मला तो तास आठवला. मी खरोखरच ते सांगितले होते. फळ्यावर शब्द लिहून अर्थही दिला होता: चिलखती, म्हणजे चिलखतासारखा मजबूत. येथे उपमा आहे, असेही मी म्हणालो होतो, आणि मुलांनी ते वहीत उतरून घेतले होते. या मुलाने घरी जाऊन वडिलांना विचारले होते, चिलखत म्हणजे काय? वडिलांनी एम. ए. केले नव्हते, ते भिंती बांधत आले होते. ते म्हणाले होते, "आंगावर घालायचं लोखंड. पर आंगाला चिकटून न्हवं. मधी मोकळं पाहिजे, न्हाईतर घाव आत उतरतोय." मुलाने बुरुजाला तसेच चिलखत घातले होते.

रात्री मला नीट झोप लागली नाही. दोघांपैकी कोण खरे, हे पुस्तकात पाहून ठरवता आले असते. पण पुस्तकावर विसंबूनच मी त्या मुलाला नऊ गुण दिले होते. डिसेंबरात चार दिवस रजा काढली आणि भाच्याला घेऊन राजगडला निघालो.

बेळगावहून रात्रीची बस पकडली. निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा ही गावे झोपेत मागे पडली. खंबाटकीचा घाट उतरून शिरवळ ओलांडले आणि पहाटे, पुण्याच्या अलीकडे, नसरापूर फाट्यावर आम्ही उतरलो. थंडी चांगली होती. तेथून जीपने मार्गासनीवरून गुंजवणे गाव गाठले. उजाडत होते. समोर जो डोंगर होता, तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. तरी ओळखीचा वाटला. मधला उभा बालेकिल्ला आणि त्याच्या दोन बाजूंना पसरलेल्या माच्या मी एका तुळशीकट्ट्याशेजारी पाहून आलो होतो.

गुंजवण्याची वाट चोरदरवाजाने गडावर जाते. पहिला भाग रानातून, मग सोंडेवरून उभा चढ, आणि शेवटी कड्यालगत लोखंडी कठडे धरून वर. मला तीन तासांहून अधिक लागले. वाटेत गावातली एक बाई ताक घेऊन बसली होती. मी किती वेळ राहिला म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "आता काय, हे आलंच की." तिचे 'आलंच' पाऊण तासाचे निघाले. छोट्याशा चोरदरवाजातून वाकून आत शिरलो, तो समोर पद्मावती तलाव.

मूळच्या मुरुंबदेवाच्या डोंगराचा हा राजगड. रायगडापूर्वी पंचवीसएक वर्षे स्वराज्याची राजधानी येथे होती. १६५९ साली सईबाईंचे निधन याच गडावर झाले, १६७० साली राजारामांचा जन्म येथेच झाला. पद्मावतीच्या देवळाजवळ सईबाईंची समाधी आहे. तिच्यापुढे क्षणभर उभे राहिलो. पुस्तकातून वाचताना राजधानी म्हटले की दरबार डोळ्यांपुढे येतो. येथे उभे राहिल्यावर आधी मनात येते ते पाणी, सरपण आणि थंडी. एवढ्या उंचीवर माणसे संसार करीत होती.

गडावर जागोजागी खडकात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. गड बांधणाऱ्यांची ही जुनी रीत आहे: टाके खोदावे, निघालेला दगड तटाला लावावा. एका श्रमात पाणीही होते आणि भिंतही. भाचा हसून म्हणाला, "मामा, तुमच्या गल्लीतली पोरं हेच करतात." खरेच होते. अंगणात ज्या खड्ड्यातून माती काढतात, त्याच खड्ड्याचे ती पुढे तळे करतात.

बालेकिल्ल्याच्या पायथ्याने वळसा घेऊन आम्ही संजीवनी माचीवर आलो. ही माची लांबच लांब, सुमारे अडीच किलोमीटर, तीन टप्प्यांत उतरत गेलेली. दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, पिवळे पडलेले गवत, आणि समोर पश्चिमेला तोरणा. अळू दरवाजाने उतरून डोंगराच्या सोंडेवरून तोरण्याकडे चालत जाणारी वाट आजही आहे. म्हणजे इतर बाजूंना कडे राखण करतात, पण या बाजूला डोंगरच शत्रूला वाट देऊ शकतो, हे तेथे उभे राहिले की सांगावे लागत नाही. शिपायाच्या डोळ्यांनी पाहिले की दिसते.

आणि मग तो तट आला. वरून चालताना मला तो एकच वाटला होता. भाच्याने मला थांबवले आणि पायांजवळची एक अरुंद वाट दाखवली. तटाच्या पोटात पायऱ्या उतरत गेल्या होत्या. भिंतीला हात टेकत, बसत, सरकत मी उतरलो. खाली पोचलो तेव्हा माझ्या एका अंगाला आतला तट होता आणि दुसऱ्या अंगाला बाहेरचा. वर आभाळाची एक चिंचोळी पट्टी. दगड थंडगार होते, वाऱ्याचा आवाज एकदम थांबला होता. मी हात पसरले. दोन्ही तळवे दोन्ही भिंतींना लागले.

बाहेरचा तट तोफेने फोडला तरी आतला उभा राहावा. फोडणारा आत आला तर या फटीत कोंडला जावा. वरून त्याच्यावर मारा व्हावा. बांधणाऱ्यांनी याला चिलखत म्हटले, ते शोभेसाठी म्हटले नव्हते. अंग आणि चिलखत यांच्यामधली मोकळी जागाच त्या शब्दात होती. भाषेचा अभ्यास करून मला अलंकार तेवढे ओळखता येऊ लागले होते. जेथे अलंकार नाही तेथेही मी तो पाहिला. गवंड्याच्या कामाचा साधा शब्द मी मुलांना उपमा म्हणून शिकवला, आणि ज्याने तो शब्द जसाच्या तसा धरला, त्याचे गुण कापले. तीस वर्षांत असे आणखी किती वेळा झाले असेल, हा विचार त्या दोन भिंतींच्या मध्ये मला फार जड गेला. भाचा वरून हाका मारू लागला, तेव्हा मी भानावर आलो.

बेळगावला परतल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी गवंड्याच्या घरी गेलो. हेडमास्तर दारात पाहून आधी घरातली सगळीच घाबरली. वडिलांनी खुर्ची पुसून पुढे केली आणि विचारले, "पोरानं काय केलं काय सर?" मी म्हणालो, "त्याने काही केले नाही. चूक माझी आहे, ती सांगायला आलो आहे." अंगणात किल्ला उरला नव्हता. तुळशीचे लग्न झाल्यावर तो मोडून माती तुळशीकट्ट्यात आणि कुंड्यांत भरली होती. एका कुंडीत मोहरीची चारदोन रोपे उंच वाढून पिवळी फुलली होती, तीच काय ती राजगडाची खूण.

मी मुलाला समोर बसवून सगळे सांगितले. त्याचा तट बरोबर होता, माझा अर्थ चुकला होता, आणि पुढच्या सोमवारी मी वर्गातही हेच सांगणार होतो. बक्षीस वाटून झाले होते, ते परत फिरवता येण्यासारखे नव्हते. पण मंडळाच्या वहीतला नऊचा आकडा मी माझ्या हाताने खोडून पंचवीस केला होता आणि खाली सही केली होती, तेही सांगितले. तो खूश होईल असे मला वाटले. तो विचारात पडला.

"सर, मधी जागा किती हाय?"

"मी उभा राहून हात पसरले, तर दोन्ही भिंतींना लागले."

त्याने कोनाड्यातून मातीचा एक मावळा आणला, जमिनीवर आडवा ठेवला आणि बोटांनी मापले. माणसाचे पसरलेले हात त्याच्या उंचीएवढे असतात, हे त्याला ठाऊक होते.

"म्हणजे मावळ्याएवढीच फट पाहिजे होती. मी चार बोटं सोडली. माझ्या फटीतनं दोन मावळे बरोबर चालत गेले असते." थोडे थांबून तो म्हणाला, "पंचवीस न्हाई सर. वीस द्या."

वडील हसले. मला हसू आले नाही. इतकी वर्षे मी गुण देत आलो; स्वतःचे गुण असे मोजून कमी करून घेणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला असेल.

आता पुष्कळ घरांना अंगण राहिलेले नाही. जुने वाडे पडून त्या जागी मजल्यावर मजले उभे राहत आहेत, आणि मुले जिन्याखाली किंवा गच्चीच्या कोपऱ्यात किल्ला करतात. बाजारात तयार किल्ले मिळतात. आणून ठेवले की झाले. ज्यांना जागाच नाही, त्यांना मी नावे ठेवीत नाही. बडोद्याला, इंदूरला, हैदराबादला सदनिकेत राहणाऱ्या वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते, की भाच्याची रीत तुमच्यासाठी आहे. जुना पुठ्ठा, खळ, चहाचा चोथा आणि गडाचा एक चांगला नकाशा. टेबलाच्या अर्ध्या भागात राजगड बसतो. मूल थरावर थर लावताना केव्हा तरी विचारीलच, की येथे भिंत दुहेरी का? उत्तर येत नसेल तर तसे सांगावे आणि सुट्टीत त्याला घेऊन गड चढावा.

मंडळाने पुढच्या दिवाळीसाठीही मला परीक्षक म्हणून बोलावले आहे. मी एक अट घातली आहे. किल्ला पाहताना परीक्षकाने गुडघे टेकून पाहावे, आणि काही चुकलेले वाटले तर गुण लिहिण्यापूर्वी मुलाला 'का' म्हणून विचारावे, उत्तर पुरते ऐकून घ्यावे. अट मान्य झाली आहे. गवंड्याच्या मुलाला मी या वेळी कोणता गड करणार म्हणून विचारले. तो म्हणाला, "राजगडच. मागच्या टायमाला फट चुकलीया."